तिथीच्या शेजारचं काम

माझं माहेर औसा तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, आणि मी इथलीच झाले. तिकडे वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटरच्या घरात, इथे तीन हजारांच्या वर. तिकडे भेगाळणारी काळी, इथे लाल जांभा. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं, इथे शेजारच्या काकी अमावास्येला मला मिरचीचं रोपसुद्धा लावू देत नाहीत. घरामागची परसबाग आणि शाळेच्या आवारातली मुलांची बाग सांभाळताना या दोन्ही मुलखांचं शहाणपण माझ्या हाताखालून गेलं. चंद्र बघून बागकाम करावं का, असं हल्ली पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी फोन करून विचारतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. नक्षत्र कुणाचं, ते आधी विचारावं

मृग लागला असं आपण म्हणतो तेव्हा मृग नक्षत्रात सूर्य गेलेला असतो. चंद्र सगळी सत्तावीस नक्षत्रं सव्वासत्तावीस दिवसांत ओलांडतो, म्हणजे साधारण रोज एक. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस मुक्काम करतो. शेतकऱ्याच्या तोंडी असलेली पावसाची नक्षत्रं ही सूर्याच्या मुक्कामाची नक्षत्रं आहेत. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, आणि पुढे उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. या तारखा वर्षानुवर्षं जागच्या जागी असतात. सरकतात त्याही सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाने.

तिथीचं तसं नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. ती तूट साठत जाते आणि दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढावी लागते. अक्षय्य तृतीया २०२३ साली २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मेला. अधिक श्रावणामुळे २०२३ चा पोळा १४ सप्टेंबरपर्यंत पुढे गेला. पाऊस काही अधिक महिना पाळत नाही. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी पाऊस सूर्याला बांधला आणि सण चंद्राला. दोन्हींची सरमिसळ केली की गोंधळ झालाच म्हणून समजा.

मी कामं अशी वाटून घेतली आहेत. आभाळाशी ज्याचा संबंध आहे ते सगळं सूर्यनक्षत्रावर. कोकणात भाताची धूळवाफेवरची पेरणी रोहिणीत होते, भेंडी, काकडी, पडवळ मृगाच्या पहिल्या ओलीवर. माहेरी रब्बीच्या ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या हिशेबाने. अक्षय्य तृतीयेला वेलाची आळी करायची चाल आहे, ती मी आवडीने पाळते, पण त्या दिवशी आळी खणते, शेणखत-पालापाचोळा भरते आणि माती तापू देते. पाण्याची सोय नसेल तर बी मात्र मृगाची वाट बघतं.

२. जुन्या ग्रंथातलं नक्षत्र घेतलं तर तीळही घ्यावेत

सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहिलेल्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडं कोणत्या नक्षत्रांवर लावावीत याची यादी त्यात आहे आणि चंद्रपंचांगाची बाजू मांडणारे लोक ती यादी हमखास दाखवतात. मला त्या अध्यायातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

पहिली म्हणजे झाडं लावण्याआधी जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथेच मातीत गाडावेत. आज आपण ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडतो, तेच हिरवळीचं खत. दीड हजार वर्षांपूर्वी ते लागवडीचं पहिलं काम म्हणून सांगून ठेवलं आहे. दुसरी म्हणजे अंतर. दोन झाडांत वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कमीत कमी. दीड फुटाचा हात धरला तर वीस हात म्हणजे तीस फूट. कोकणात हापूसच्या कलमांना दहा मीटर, म्हणजे तेहतीस फुटांचं अंतर सांगतात, आणि नारळाला पंचवीस फूट. सोळा हाताचे चोवीस होतात. हा हिशेब मी शाळेतल्या मुलांकडून टेप लावून करून घेतला, तेव्हा गणिताच्या तासाला कधी न दिसलेली चमक त्यांच्या डोळ्यांत दिसली.

आपल्याकडे झालं असं की ग्रंथातलं नक्षत्र लोकांच्या लक्षात राहिलं आणि तीळ विसरले गेले. परंपरेत तिथी कधी एकटी नव्हती. तिच्या शेजारी एक काम लिहिलेलं होतं, मातीचं, बियाचं किंवा पाण्याचं. काम सोडून नुसती तिथी पाळली तर झाडाला त्याचा काय उपयोग?

३. घटाला उगवलेलं नीट बघावं

चंद्राप्रमाणे पेरणी करणारं घर शोधायला लांब जायला नको. सर्वपित्री अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी, अश्विन शुद्ध प्रतिपदेला, महाराष्ट्रात घरोघरी पेरणी होते. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती, तीत गहू, ज्वारी, जवस, मूग असं धान्य, मधोमध पाण्याने पाझरता मातीचा घट. नऊ दिवसांत वीतभर पिवळसर कोंब वर येतात. आपण ते टोपीत, वेणीत खोवतो आणि दसरा झाला की विसरतो.

माझी आई विसरत नसे. घट उठवताना ती कोंब हाताने विंचरल्यासारखे बाजूला करायची आणि कोणतं धान्य दाट आलं, कोणतं विरळ, कुठं दाणा तसाच कुजून पडला ते बघायची. रब्बीची पेरणी तोंडावर असे. कणगीतल्या ज्वारीची उगवण तिला देवघरातच कळायची. विरळ असेल तर वडिलांना सांगायची, बी दुसरीकडून आणा किंवा चाड्यावर मूठ जरा सैल धरा.

मी हे आता वर्षभर करते. पेरणीच्या आधी प्रत्येक वाणाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. ऐंशीच्या वर मोड आले तर निर्धास्त, साठ-सत्तर आले तर बी थोडं जास्त टाकायचं, त्याहून कमी असेल तर ते बी गुरांच्या आंबोणात जातं. दाणे मोजायचं काम पहिली-दुसरीची मुलं मन लावून करतात.

४. शुक्ल पक्षात पाला, कृष्ण पक्षात कंद

हा नियम तुम्ही ऐकलेला असणार. जमिनीवर येणारं ते चंद्र वाढताना पेरावं, जमिनीखाली पोसणारं ते चंद्र घटताना. शाळेच्या बागेत आम्ही मेथी, मुळा, लाल माठ दोन्ही पंधरवड्यांत पेरून पाहिले. वाफा तोच, बी एकाच पिशवीतलं. बी किती खोल पडलं, पहिले चार दिवस पाणी कुणी आणि कसं घातलं, वाफ्यावर सावली किती वेळ होती, याने उगवणीत ढळढळीत फरक पडला. चंद्राचा फरक मला दिसला नाही, आणि दिसला नाही ते मुलांपुढे तसंच सांगितलं. पौर्णिमेचा भर प्रकाशसुद्धा अर्ध्या लक्सपेक्षा कमी असतो, दुपारचं ऊन लाखाच्या घरात. समुद्राला भरती आणणारी ओढ घमेलंभर मातीतल्या पाण्याला जाणवण्याइतकी उरत नाही.

शहरात जे चंद्रपंचांग फिरतं, ज्यात मुळाचा दिवस, पानाचा दिवस, फुलाचा दिवस, फळाचा दिवस असे रंगीत चौकोन असतात, ते बऱ्याच जणांना आपलं प्राचीन वाटतं. त्याचं मूळ रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झ इथे, आज पोलंडमध्ये असलेल्या गावी, दिलेल्या व्याख्यानांपर्यंत जातं. जर्मनीच्या मारिया थून यांनी पुढे मुळ्याच्या पेरण्यांवरून ते दिवसांचं कोष्टक मांडलं. चंद्र जलराशीत तेव्हा पान, पृथ्वीराशीत तेव्हा मूळ, वायूराशीत फूल, अग्निराशीत फळ, अशी त्याची वाटणी आहे. श्रद्धेने वापरणारे वापरोत, पण ते युरोपातल्या शेतांवर घडलं आहे आणि त्यात आपला पाऊस कुठेच नाही.

तरीही पालेभाजी मी शुक्ल पक्षातच पेरते. मेथी पेरल्यापासून महिन्याभरात काढायला येते. दर शुद्ध पक्षात एक वाफा पेरला की एक काढेपर्यंत दुसरा तयार होत असतो आणि हिवाळाभर घरात मेथी तुटत नाही. चंद्रकोर दिसली की बियांची पिशवी आठवते. एवढ्यासाठी तो नियम मला प्रिय आहे.

५. अमावास्येला पानाची मागची बाजू

इथे मात्र चंद्राचा हात खरोखर आहे, असं माझं मत आहे. मराठवाडा-विदर्भातले कपाशीवाले अमावास्येच्या आगेमागे फवारणी धरतात, कारण बोंडअळीचे पतंग अंधाऱ्या रात्री जास्त अंडी घालतात असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. दिव्याच्या सापळ्यातही पौर्णिमेच्या सुमारास पतंग कमी पडतात आणि अमावास्येला जास्त, हे कीटकांचा अभ्यास करणारेही सांगतात. शाळेच्या व्हरांड्यात दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवून मुलांनी ते स्वतः पाहिलं आहे.

म्हणून अमावास्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी मी भेंडी, वांगी, मिरचीची पानं उलटून बघते. बोंडअळीचं अंडं खसखशीच्या दाण्याहून लहान, पांढुरकं, उन्हात तिरकं धरलं तरच दिसणारं. तीन-चार दिवसांत ते फुटतं. बाहेर आलेली अळी दोऱ्याएवढी असते तोवर निंबोळी अर्काने भागतं. एकदा का ती शेंड्यात नाहीतर फळात शिरली की तिला कुठलाच अर्क गाठत नाही, शेंडा खुडून टाकणं एवढंच उरतं.

निंबोळी मी माहेराहून आणते. कोकणात कडुलिंब फारसा नाही, औशाकडे बांधाबांधावर आहे. सावलीत वाळवलेली निंबोळी कुटून पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दोनदा फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायची. उन्हात तिचा गुण लवकर जातो. निंबोळी संपली तर काकींच्या परड्यातल्या करंजाचा पाला कामी येतो.

काकींचं अमावास्येला काही न लावणं आणि माझं पानं उलटणं यांचं छान जमून गेलं आहे. “बाई, आज काय लावू नका हां,” त्या गडग्यापलीकडून सांगतात. “नाही काकी, नुसती बघतेय,” असं मी म्हणते, आणि मग त्याही त्यांच्या वांग्यांची पानं उलटायला लागतात.

६. वर्षातून एक अमावास्या रानात जेवायला

लातूर, धाराशिव, सोलापूरकडची वेळा अमावास्या ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणं अवघड आहे. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, गाडग्यात आंबील. गावात चिटपाखरू राहत नाही. ज्वारी निसवायला आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळत आलेली. पिकाला आंबील शिंपत शिवाराला फेरी घालायची.

त्या फेरीत घरातली सगळी माणसं, एरवी रानात न येणारी म्हातारी आणि शहरातून आलेली पोरंही, पीक डोळ्यांनी बघतात. तिथेच बोलणी निघतात, या तुकड्यात पाणी साचतं, त्या बांधाला उंदीर लागलेत, पुढच्या साली इथं करडई घ्यावी. ज्यांची बाग गच्चीवरच्या कुंड्यांची आहे त्यांनीही त्या दिवशी घरच्यांना वर न्यावं, तिथेच जेवावं आणि काहीही न खुरपता नुसतं बघावं.

७. जीवामृत पंधरवड्याला, आच्छादन रोज

जीवामृताचं प्रमाण सुभाष पाळेकर यांनी घराघरांत पोचवलं. अमरावती जिल्ह्यातल्या या शेतकऱ्याला २०१६ साली पद्मश्री मिळाली. एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. परसबागेला त्याचा विसावा भाग पुरतो, म्हणजे दहा लिटरची बादली, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन मूठ-मूठभर. शेण काकींच्या कोकण कपिला गाईचं, माती वडाखालची.

बादली सावलीत ठेवून गोणपाटाने झाकावी, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावी. पहिल्या दिवशी नुसतं शेणपाणी असतं, वास उग्र. दुसऱ्या दिवशी ढवळताना काठीभोवती बारीक फेस धरतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते आणि वासात आंबूस गोडी येते, ताकाच्या डेऱ्यासारखी. तो वास आला की तयार. सडका वास आला तर ते झाडांना घालू नये. आठवड्याच्या आत संपवावं.

हे पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, म्हणून मी ते पौर्णिमा आणि अमावास्येला अडकवून टाकलं आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात ते दोन दिवस आपोआप दिसतात. कोकणात आषाढ-श्रावणात ते देण्यात अर्थ नाही, एका सरीने सगळं पऱ्ह्यात वाहून जातं. हस्ताचा पाऊस ओसरला की सुरुवात करावी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. मातीवर पालापाचोळा, गवत, भाताचा पेंढा यांचं चार बोटं आच्छादन नसेल तर त्या जिवाणूंनी खायचं काय? दिवाळीनंतर इथला जांभा उघडा पडला की आठवड्यात दगडासारखा होतो. आच्छादन असेल तर फेब्रुवारीतही पाला बाजूला करून बोट घातलं की माती गार लागते आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात. पाणी द्यायचं ते वाफसा बघून. मूठभर माती आवळली आणि सोडली, गोळा झाला पण बोटांना चिखल लागला नाही, तर आज पाणी नको. इथली माती आम्लधर्मी असल्याने चुलीतली राख थोडी-थोडी टाकते. माहेरच्या काळ्या जमिनीत ती चूक ठरेल, तिथे आधीच क्षार जास्त.

आच्छादनाची गोडी मला श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’च्या कामाबद्दल वाचून लागली. पाचोळ्यातून आपल्या अंगणात माती घडवता येते, ती विकत आणावी लागत नाही, हे त्यांनी सामान्य माणसांकडून करवून घेतलं.

८. मांडवाचा बांबू

दोडका-कारल्याच्या मांडवाला इथे माणगा वापरतात, भरीव आणि चिवट. तो कृष्ण पक्षात तोडला तर भुंगा लागत नाही असं सगळे सांगतात आणि मीही तसाच तोडून घेते. पण भुंगा येतो तो बांबूतल्या पिठासाठी. म्हणून काठी तीन वर्षांची निबर असावी, पावसाळा सरल्यावर तोडलेली असावी, आणि तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवावी, म्हणजे पीठ धुऊन जातं. इथली जुनी माणसं हे करतच होती. घाईच्या दिवसांत बुडवणं सुटलं आणि तेवढा पक्ष उरला.

९. बी आपलं, आणि त्यावर लिहिलेलं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांसाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शाळेत मी त्यांच्यावर एक पूर्ण तास घेतला. दुसऱ्या दिवशी मुलांनी घराघरांतून पुड्या आणल्या. पडवळ, चिबूड, गावठी वाल, लाल भेंडी, एकीने तर आजीने शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावलेल्या भोपळ्याच्या बिया गोवरीसकट आणल्या. शेण वाळतं, कीड लागत नाही, आणि पेरायच्या दिवशी गोवरी फोडून खतासह आळ्यात टाकायची.

बीसाठी वेलावरचं पहिलं फळ धरू नये आणि शेवटचंही नको. मधल्या बहरातलं, निरोगी वेलावरचं, वाणाला साजेसं फळ खुणेची चिंधी बांधून राखावं आणि देठ सुकेपर्यंत तोडू नये. बी सावलीत वाळवून मग कोवळ्या उन्हात एक हात द्यावा, दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे. मडक्यात चाळलेल्या राखेत घालून तोंड शेणमातीने लिंपावं. कोकणातली दमट हवा बियाची वैरीण आहे, पावसाळ्यात ते मडकं चुलीच्या वरच्या फळीवरच हवं.

शाळेत आम्ही प्रत्येक पुडीवर एक चिठ्ठी लावतो. वाणाचं नाव, कुणाच्या घरचं, कोणत्या महिन्यात पेरलं तेव्हाची तिथी, त्या वेळी पावसाचं कोणतं नक्षत्र चालू होतं आणि पाऊस खरोखर किती दिवस पडला. तिथीचा रकाना मुलांच्या आज्या सांगतात, पावसाचा रकाना मुलं स्वतः पर्जन्यमापकावरून भरतात. बी न्यायला येणाऱ्याने पुडीबरोबर चिठ्ठीही न्यायची आणि आपल्या हंगामाची ओळ खाली लिहून थोडं बी परत आणून द्यायचं, एवढी एकच अट आहे.